काइटसर्फिंगमधील पतंगाच्या आकारमानाची निवड

काइटसर्फिंग या जलक्रीडेत खेळाडू पायांखाली फळी घेऊन, कमरेच्या हार्नेसला जोडलेल्या मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून पुढे सरकतो. पतंग किती जोराने ओढेल हे प्रामुख्याने पतंगाचे क्षेत्रफळ व वाऱ्याचा वेग यांवर अवलंबून असते, तर ती ओढ कितपत पेलता येईल हे मुख्यतः खेळाडूच्या वजनावर ठरते. म्हणून पतंगाचे योग्य आकारमान ही एकट्या पतंगाची वा एकट्या वाऱ्याची बाब नसून वजन आणि वारा यांची सांगड आहे. एकाच किनाऱ्यावर, एकाच वेळी, १८ नॉट वेगाच्या वाऱ्यात ५५ किलोग्रॅम वजनाच्या खेळाडूला सुमारे ७ चौरस मीटरचा, तर ८५ किलोग्रॅम वजनाच्या खेळाडूला सुमारे १० चौरस मीटरचा पतंग योग्य ठरतो. इतरांनी कोणता पतंग लावला आहे एवढेच पाहून आपला पतंग निवडणे हे या खेळातील टाळता येण्याजोग्या अपघातांचे एक कारण मानले जाते.

## आकारमान म्हणजे काय

काइटसर्फिंगच्या पतंगाचे आकारमान चौरस मीटरमध्ये सांगतात. पतंगावर छापलेला ९, १० किंवा १२ हा आकडा सामान्यतः पतंगाचे कापड सपाट पसरले असता भरणारे क्षेत्रफळ दर्शवतो. प्रत्यक्ष उडताना पतंग कमानीसारखा वाकलेला असतो. त्यामुळे वाऱ्याला सामोरे जाणारे प्रक्षेपित क्षेत्रफळ छापील आकड्यापेक्षा कमी असते. खोल कमानीच्या पतंगात ही घट अधिक, तर पसरट पतंगात कमी असते. म्हणूनच वेगवेगळ्या बांधणीचे १० चौ. मी. चे दोन पतंग सारखीच ओढ देतील असे नाही.

पतंगाच्या दोऱ्या साधारणतः २० ते २४ मीटर लांबीच्या असतात आणि त्या एका आडव्या दांडीला जोडलेल्या असतात. या दांडीला बार म्हणतात. बार जवळ ओढल्यास पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढून ओढ वाढते आणि बार दूर ढकलल्यास ओढ कमी होते. या सोयीमुळे एकच पतंग वाऱ्याच्या काही मर्यादेपर्यंत वापरता येतो. मात्र ही मर्यादा अमर्याद नसते. बार पूर्ण ढकलूनही ओढ आटोक्यात येत नसेल, तर पतंग त्या वाऱ्यासाठी व त्या वजनासाठी मोठा आहे असे समजतात.

## वजनाचा संबंध

पतंगाची ओढ खेळाडूला दोन दिशांना खेचते: वाऱ्याबरोबर आडवी आणि वर. आडव्या ओढीला विरोध करण्यासाठी खेळाडू मागे रेलतो आणि फळीची कड पाण्यात रोवतो. रेललेल्या शरीराचे वजन हाच या विरोधाचा आधार असतो. शरीर जितके जड, तितकी अधिक ओढ फळीची कड न सुटता पेलता येते. वरच्या दिशेने होणाऱ्या ओढीचा हिशेब आणखी सरळ आहे. ती वजनापेक्षा जास्त झाली की खेळाडू पाण्यावरून किंवा वाळूवरून उचलला जातो.

एक ढोबळ गणित उदाहरणादाखल करता येते. १५ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ७.७ मीटर. या वेगाच्या वाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३६ न्यूटन भरतो. बलाचा गुणांक १ धरल्यास ११ चौ. मी. चा स्थिर पतंग सुमारे ३९० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम भार टांगल्यावर जाणवेल इतक्या जोराने ओढेल. ७५ किलोग्रॅमच्या खेळाडूच्या दृष्टीने ही ओढ वजनाच्या निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे पेलण्याजोगी आहे. परंतु हाच पतंग आकाशात वेगाने फिरवला आणि त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला, तर ओढ चौपट होऊन वजनाच्या दुपटीच्या पुढे जाते. अनुभवी खेळाडू याच तत्त्वाचा उपयोग करून उंच उड्या घेतात. नवख्या हातात तेच बल अपघातास कारण ठरू शकते.

हिशेबात धरायचे वजन हे प्रत्यक्ष खेळताना असणारे वजन होय. हार्नेस, शिरस्त्राण, तरंगण्यास मदत करणारे जाकीट आणि भिजलेला पोहण्याचा पोशाख यांनी त्यात काही किलोग्रॅमची भर पडते.

हलक्या खेळाडूच्या बाबतीत निवडीतील चूक अधिक महाग पडते. ८५ किलोग्रॅमच्या खेळाडूने १० ऐवजी ११ चौ. मी. चा पतंग लावला, तर आकारमान दहा टक्क्यांनी वाढते. ४५ किलोग्रॅमच्या खेळाडूने ५ ऐवजी ६ चौ. मी. चा पतंग लावला, तर तीच एक चौरस मीटरची वाढ वीस टक्के असते. म्हणून किशोरवयीन व हलक्या प्रौढ खेळाडूंसाठीच्या लहान पतंगांत निर्माते अनेकदा एकेका चौरस मीटरच्या अंतराने आकारमाने ठेवतात.

## वाऱ्याच्या वेगाचा संबंध

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजण्याचा प्रघात आहे. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. वाऱ्याचे बल वेगाच्या प्रमाणात नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १५ वरून २० नॉटवर गेला तर वेग एकतृतीयांशाने वाढतो. परंतु बल जवळजवळ पावणेदोनपट होते. १५ वरून ३० नॉटवर गेला तर बल चौपट होते. 'वारा थोडासाच वाढला आहे' ही भावना म्हणूनच फसवी ठरते.

ब्यूफोर्ट श्रेणीनुसार ४ या क्रमांकाचा वारा ११ ते १६ नॉट, ५ क्रमांकाचा १७ ते २१ नॉट आणि ६ क्रमांकाचा २२ ते २७ नॉट असतो. समुद्रावर ठिकठिकाणी पांढऱ्या फेसाच्या लाटा वारंवार दिसू लागणे हे ४ क्रमांकाच्या वाऱ्याचे लक्षण आहे. नवशिक्यांसाठी साधारण १२ ते १८ नॉट वेगाचा एकसारखा वारा सोयीचा मानतात.

हवामानाच्या अंदाजात दिलेला वेग सामान्यतः भूपृष्ठापासून १० मीटर उंचीवरचा असतो. हातात धरायच्या वायुवेगमापकाने किनाऱ्यावर मोजलेला वेग, जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे, पतंगाच्या उंचीवरील वेगापेक्षा कमी भरतो. मापकाचा आकडा जसाच्या तसा धरल्यास निवडलेला पतंग गरजेपेक्षा मोठा निघण्याची शक्यता असते.

## व्यवहारातील सूत्र

दुहेरी टोकांची साधी फळी आणि हवा भरलेल्या नळ्यांचा पतंग वापरणाऱ्या खेळाडूंमध्ये पुढील सूत्र रूढ आहे:

पतंगाचे आकारमान (चौ. मी.) = वजन (किलोग्रॅम) × २.२ ÷ वाऱ्याचा वेग (नॉट)

एक किलोग्रॅम म्हणजे सुमारे २.२ पौंड असल्याने, पौंडांतील वजनाला नॉटमधील वेगाने भागले तरी हेच उत्तर मिळते. या सूत्राने काढलेली आकारमाने अशी:

| वजन | १२ नॉट | १५ नॉट | २० नॉट | २५ नॉट | ३० नॉट |
|---|---|---|---|---|---|
| ५० किलोग्रॅम | ९.२ | ७.३ | ५.५ | ४.४ | ३.७ |
| ६० किलोग्रॅम | ११.० | ८.८ | ६.६ | ५.३ | ४.४ |
| ७० किलोग्रॅम | १२.८ | १०.३ | ७.७ | ६.२ | ५.१ |
| ८० किलोग्रॅम | १४.७ | ११.७ | ८.८ | ७.० | ५.९ |
| ९० किलोग्रॅम | १६.५ | १३.२ | ९.९ | ७.९ | ६.६ |
| १०० किलोग्रॅम | १८.३ | १४.७ | ११.० | ८.८ | ७.३ |

तक्त्यातील आकडे निवडीचा आरंभबिंदू आहेत. अंतिम निर्णय नव्हेत. नवशिक्याने तक्त्यातील आकड्याच्या खालचा उपलब्ध पतंग घ्यावा असा संकेत आहे. तक्त्यातील अगदी लहान आकडे, उदाहरणार्थ ५० किलोग्रॅम व ३० नॉट या स्थितीसाठीचे ३.७, हे बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत 'पाण्यात न उतरणे श्रेयस्कर' असेच वाचावे लागतात.

बल वेगाच्या वर्गाने वाढत असता सूत्रात मात्र वेग साध्या भागाकाराने येतो, ही विसंगती वाटण्याचा संभव आहे. तिचे स्पष्टीकरण खेळाडूच्या हालचालीत आहे. मंद वाऱ्यात खेळाडू पतंग खालीवर फिरवून आणि मोठी फळी वापरून अपुऱ्या ओढीची भरपाई करतो, तर जोरदार वाऱ्यात बार ढकलून जादा ओढ सोडून देतो. या दोन्ही समायोजनांमुळे, साधारण १२ ते २५ नॉटच्या पट्ट्यात, साधे सूत्र अनुभवाशी बऱ्यापैकी जुळते. त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ते कमी विश्वासार्ह ठरते.

## निवडीवर परिणाम करणारे इतर घटक

* फळी: मोठ्या फळीला पाण्यावर तरंगत सरकण्यासाठी कमी ओढ लागते. पाण्याखाली पंख असलेली हायड्रोफॉइल फळी पाण्याचा रोध मोठ्या प्रमाणात कमी करते. तिच्यासाठी तक्त्यापेक्षा बराच लहान पतंग पुरतो.
* पतंगाची बांधणी: कप्प्यांत वारा भरून फुगणारे फॉइल पतंग समान क्षेत्रफळात सामान्यतः अधिक ओढ देतात. हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगांतही लांब व अरुंद पतंग आखूड व रुंद पतंगापेक्षा अधिक कार्यक्षम असतात.
* हवेची घनता: थंड हवा अधिक घन असते. समुद्रसपाटीवर ५ अंश सेल्सिअस तापमानाची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के घन असते, त्यामुळे त्याच वेगाचा हिवाळी वारा अधिक जोराने ओढतो. उलटपक्षी, सुमारे १,७९० मीटर उंचीवरील स्वित्झर्लंडच्या सिल्वाप्लाना सरोवरावर हवा समुद्रसपाटीपेक्षा १५ ते २० टक्के विरळ असल्याने तेथे थोडा मोठा पतंग लागतो.
* पाण्याचा प्रवाह: प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वाहत असेल तर खेळाडूला जाणवणारा वारा वाढतो, वाऱ्याच्याच दिशेने वाहत असेल तर तो घटतो.
* कौशल्य: कुशल खेळाडू फळीची कड घट्ट रोवून अधिक ओढ पेलू शकतो. त्यामुळे समान वजनाच्या दोन व्यक्तींचे योग्य आकारमान वेगळे असू शकते.

## झोतांचा विचार

वारा क्वचितच एकसारखा वाहतो. सरासरी १५ नॉट वाऱ्यात २१ नॉटचे झोत येत असतील, तर त्या क्षणांची ओढ सरासरीच्या जवळजवळ दुप्पट असते. ७५ किलोग्रॅमच्या खेळाडूला सूत्रानुसार १५ नॉटसाठी ११ चौ. मी. आणि २१ नॉटसाठी सुमारे ८ चौ. मी. आकारमान येते. अशा वेळी सरासरीसाठीचा ११ चौ. मी. चा पतंग न घेता ९ चौ. मी. चा घेणे सयुक्तिक ठरते. वारा मंदावल्यावर तो काहीसा कमी ओढेल. पण कमी ओढीची गैरसोय ही जादा ओढीच्या धोक्यापेक्षा पत्करण्याजोगी असते. इमारती, झाडे वा टेकड्या यांच्यावरून येणारा वारा अधिक झोतयुक्त असतो, तर मोकळ्या समुद्रावरून येणारा तुलनेने एकसारखा असतो.

## पतंगांचा संच

एकाच पतंगाने वर्षभराचा वारा साधत नाही. म्हणून नियमित खेळाडू दोन किंवा तीन आकारमानांचा संच बाळगतात. ७५ किलोग्रॅमच्या खेळाडूसाठी ९ व १२ चौ. मी. ही जोडी प्रचलित आहे. जोरदार वाऱ्याच्या प्रदेशात त्यात ७ चौ. मी. ची भर पडते. मोठ्या आकारमानांत तीन चौरस मीटरचे अंतर चालते, तर लहान आकारमानांत ते दोन किंवा त्याहून कमी ठेवतात. कारण महत्त्व अंतराला नसून प्रमाणाला असते. पहिला पतंग विकत घेताना स्थानिक वाऱ्याचा सर्वसाधारण वेग आणि स्वतःचे वजन यांवरून निर्णय घेतला जातो. स्वस्तात मिळालेला वापरलेला पतंग मूळ मालकाच्या वजनाला अनुरूप असतो, हे अशा खरेदीत अनेकदा दुर्लक्षिले जाते.

## चुकीच्या आकारमानाची लक्षणे

पतंग मोठा असल्यास बार सतत दूर ढकलून ठेवावा लागतो, फळीची कड पाण्यात टिकत नाही, खेळाडू वाऱ्याबरोबर घसरत जातो आणि पतंग डोक्यावर स्थिर ठेवला असतानाही टाचा उचलल्या जातात. यांपैकी शेवटचे लक्षण किनाऱ्यावरच दिसल्यास पतंग उतरवणे हाच योग्य मार्ग असतो.

पतंग लहान असल्यास तो सतत फिरवत ठेवावा लागतो, फळी पाण्यात बुडते आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस सरकता येत नाही. अशा वेळी खेळाडू निघालेल्या जागेपासून हळूहळू वाऱ्याच्या दिशेने दूर जातो. पाण्यात पडलेला पतंग अपुऱ्या वाऱ्यात पुन्हा उठत नाही. म्हणजेच लहान पतंग निरुपद्रवी असतो असेही नाही; किनाऱ्यापासून दूर असताना वारा पडला, तर परतीचा प्रश्न उद्भवतो.

## सुरक्षितता

काइटसर्फिंगमधील अनेक गंभीर दुखापती खोल पाण्यात न होता वाळूवर किंवा किनाऱ्यालगत, पतंग उडवताना वा उतरवताना होतात. आकारमानाने मोठा पतंग अचानक आलेल्या झोतात खेळाडूला उचलून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या कठीण वस्तूंवर आपटू शकतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेला पुरेशी मोकळी जागा असणे आवश्यक मानतात.

हार्नेसजवळ पतंगाची ओढ तत्काळ सोडणारी यंत्रणा असते. ती कार्यान्वित केल्यावर पतंग एकाच दोरीवर राहून निष्प्रभ होतो. ही यंत्रणा प्रत्येक वेळी उडवण्यापूर्वी तपासणे आणि तिचा सराव करणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे. प्रशिक्षण वर्गांत सुरुवातीस विद्यार्थ्याच्या वजनाच्या मानाने लहान पतंग देतात, तो याच कारणास्तव.

जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात, मग पतंग कितीही योग्य असला तरी, बचाव नौकेची सोय असल्याखेरीज खेळू नये असा सर्वमान्य दंडक आहे. वादळी ढग जवळ येत असताना वाऱ्याचा वेग काही मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. त्या स्थितीत कोणतेच आकारमान सुरक्षित नसते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्रान्समधील ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ साली हवा भरलेल्या नळ्यांच्या, पाण्यातून पुन्हा उठवता येणाऱ्या पतंगाचे पेटंट दाखल केले. १९९७ साली त्यांचे 'विपिका' पतंग बाजारात आले आणि खेळाचा प्रसार वेगाने झाला. सुरुवातीच्या दोन दोऱ्यांच्या पतंगांत ओढ कमी करण्याची सोय जवळजवळ नव्हती. त्यामुळे वजन व वारा यांच्याशी आकारमान अगदी नेमके जुळवावे लागे आणि चुकीला वाव फारच थोडा असे. चार दोऱ्यांच्या पतंगांनी ही स्थिती सुधारली. २००५ च्या सुमारास ब्रुनो लेगेन्यू यांच्या रचनेवर आधारित पसरट, अंतर्वक्र मागील कडेचे बो पतंग प्रचारात आले. त्यांची ओढ बारच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणात कमी करता येत असल्याने एकाच आकारमानाचा उपयोग वाऱ्याच्या अधिक विस्तृत पट्ट्यात होऊ लागला. तथापि वजनानुसार निवड करण्याची गरज त्यामुळे संपली नाही.

## स्पर्धांमध्ये

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फॉर्म्युला काइट या प्रकाराचा प्रथमच समावेश झाला. या शर्यती मार्सेय येथे झाल्या. पुरुष गटात ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बॉन्टुस आणि महिला गटात ग्रेट ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्णपदके मिळवली. या प्रकारात हायड्रोफॉइल फळी व फॉइल पतंग वापरतात. शर्यतीत वेग हेच उद्दिष्ट असल्याने वजनदार व बळकट खेळाडूस अधिक ओढ पेलून तिचे वेगात रूपांतर करता येते. त्यामुळे स्पर्धक खेळाडू सर्वसाधारण तक्त्यांपेक्षा मोठी आकारमाने वापरतात. हौशी खेळाडूने त्यांचे अनुकरण करणे उचित नव्हे.

## भारतातील परिस्थिती

भारतात तामिळनाडूतील रामेश्वरम व तूतुकुडी परिसर, तसेच गोव्यातील मोरजी व आश्वे हे किनारे काइटसर्फिंगसाठी ओळखले जातात. रामेश्वरम परिसरात नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा लाभ होतो. गोव्यात पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत खेळ प्रामुख्याने दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांवर अवलंबून असतो. हे वारे मध्यम वेगाचे असल्याने मोठी आकारमाने उपयोगी पडतात. १३ नॉट वाऱ्यात ७५ किलोग्रॅमच्या खेळाडूला सूत्रानुसार सुमारे १२.७ चौ. मी. चा पतंग लागतो. रात्री व पहाटे वाहणारे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जात असल्याने ते खेळास अयोग्य असतात. पावसाळ्यात कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर वारा भरपूर असला तरी खवळलेला समुद्र, झोत आणि अचानक येणाऱ्या पावसाळी सरी यांमुळे योग्य आकारमानाचा पतंगही सुरक्षिततेची हमी देत नाही.

## हे सुद्धा पहा

* काइटसर्फिंग
* विंडसर्फिंग
* ब्यूफोर्ट श्रेणी
* नॉट (एकक)
* खारे वारे व मतलई वारे